‘ए’ अक्षरातला बैल कसा शोधायचा

कागद, पेन्सिल आणि पंधरा मिनिटं पुरेत. घरात इंग्रजी मुळाक्षरं गिरवणारं मूल असेल तर त्यालाही बसवा.

१. इंग्रजीतला मोठ्या लिपीतला ‘ए’ (A) काढा आणि कागद उलटा करा. वर दोन शिंगं, खाली निमुळतं तोंड. मधली रेघ दोन्हीकडे जरा बाहेर ओढली की कानही येतात.

२. आता बैलाचं तोंड डावीकडे येईल असा कागद फिरवा. फिनिशियन लोक, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचे प्राचीन व्यापारी, हे अक्षर साधारण असंच काढत. ते उजवीकडून डावीकडे लिहीत. अक्षरं २२, सगळी व्यंजनं.

३. त्याच्याही मागे जायचं तर इजिप्तच्या सिनाई वाळवंटातल्या सेराबित अल-खादिमला. तिथे पिरोजाच्या खाणी होत्या. १९०५ साली पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना तिथे चित्रांसारखी अक्षरं सापडली. इजिप्तच्या प्राचीन लिपीचे अभ्यासक अॅलन गार्डिनर यांनी १९१६ मध्ये त्यातली सतत येणारी चार चित्रं उलगडली : घर, डोळा, बैल हाकायची पराणी, फुली. वाचन झालं ‘बअलत’, म्हणजे स्वामिनी, खाणीपाशी पुजली जाणारी देवी. युक्ती अशी, की चित्राच्या नावातला पहिला ध्वनी तेवढा घ्यायचा, बाकीचा शब्द सोडून द्यायचा. चित्रं इजिप्तच्या चित्रलिपीच्या वळणाची, शब्द मात्र सेमिटिक, म्हणजे हिब्रू-अरबीच्या भाषाकुळातले.

४. ही युक्ती मराठीत करून पाहा. बैलाचं डोकं काढा, शेजारी घर. पहिले ध्वनी जोडले की झालं ‘बघ’. पाणी आणि डोळा काढलात तर ‘पड’. आपल्याकडे ‘ग गणपतीचा’ शिकवताना चित्र अक्षराच्या मदतीला येतं; तिथे चित्र हेच अक्षर होतं. मुलं या पायरीवर रमतात, घाई करू नका. (आपला ‘अ’ मात्र उलटा करून बघू नका. तो ब्राह्मीतून आलेला, त्यात शिंगं सापडायची नाहीत.)

५. शेवटी नाव. सेमिटिक भाषांत बैल ‘आलेफ’, घर ‘बेत’. ग्रीकांनी इ.स.पू. आठव्या शतकाच्या सुमारास ही अक्षरं उचलली. ‘आलेफ’च्या सुरुवातीचा, घशात श्वास क्षणभर अडवून काढायचा व्यंजनध्वनी त्यांच्या भाषेत नव्हता, म्हणून ते चिन्ह त्यांनी ‘अ’ या स्वराला देऊन टाकलं. नावं ‘अल्फा’, ‘बीटा’ अशी राहिली, पण ग्रीकमध्ये त्यांना काही अर्थ उरला नाही. आपण ‘कखग’ म्हणतो तसं पहिल्या दोन नावांवरून ‘अल्फाबेट’ झालं. मूळ अर्थ लावला तर बैल-घर. मराठीत त्याला गोठा म्हणतात.