सेप्टिकवालं घर घेताय? तपासायला चुकीचा माणूस बोलावू नका

बॉस्टनबाहेर सडबरी, कार्लाइलकडे घर बघायला गेलं की गटाराची सार्वजनिक लाइन संपते आणि अंगणाखालची टाकी सुरू होते. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या आपल्यासारख्यांना सांडपाणी आपल्याच जमिनीत मुरवायचं हे नवीन असतं. मग समोर येईल त्या जाणकार दिसणाऱ्या माणसावर भरवसा ठेवला जातो.

‘होम इन्स्पेक्टरने सगळं बघितलंय’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. त्याच्याकडे राज्याचा परवाना असतो, पण तो घराच्या तपासणीचा. मॅसॅच्युसेट्समध्ये सेप्टिकसाठी वेगळा नियम आहे, 310 सीएमआर 15.000, ज्याला सगळे ‘टायटल फाइव्ह’ म्हणतात. घर विकताना लागणारी तपासणी राज्याच्या पर्यावरण खात्याने मान्यता दिलेल्या सिस्टिम इन्स्पेक्टरनेच करायची असते. एकाच माणसाकडे दोन्ही मान्यता असू शकतात, म्हणून विचारा आणि खात्याच्या यादीत त्याचं नाव स्वतः शोधा.

टाकी उपसणारा आणि सिस्टिम बसवणारा यांचे परवाने गावाचं बोर्ड ऑफ हेल्थ, म्हणजे स्थानिक आरोग्य मंडळ, देतं. वीस वर्षांचा अनुभव असला, तरी त्या परवान्यावर टायटल फाइव्हचा अहवाल लिहिता येत नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी टाकी उपसून घेणं ही आणखी एक चूक. विकणारा हे चांगल्या मनाने करतो, पण इन्स्पेक्टरला नेमकी पाण्याची पातळीच बघायची असते. टाकीपुढच्या वितरण पेटीत पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपच्या वर साचलेलं असेल, तर शोषक्षेत्र, म्हणजे टाकीतून आलेलं पाणी जमिनीत मुरवणारा भाग, पाणी घेत नाही असा त्याचा अर्थ. टाकी नुकतीच उपसली असेल, तर ही खूण पुसली जाते. उपशाच्या पावत्या मात्र नक्की मागा: पाइप तुंबला नसताना वर्षात चारपेक्षा जास्त वेळा उपसावी लागली, तर सिस्टिम नापास ठरते. अहवाल सहसा 2 वर्षं चालतो, दरवर्षी उपसल्याच्या नोंदी असतील तर 3. आणि ‘पास’ म्हणजे हमी नव्हे. अहवालाच्या फॉर्मवरच लिहिलेलं असतं की ही त्या दिवशीची स्थिती आहे.

आता आपल्या घरांत सर्रास होणारी गोष्ट. आई-बाबा सहा महिने येणार म्हणून बेसमेंटमध्ये एक बेडरूम काढायची ठरते. ‘टायटल फाइव्ह पास आहे ना, मग झालं.’ नाही झालं. सिस्टिमची क्षमता दर बेडरूममागे दिवसाला 110 गॅलन धरून आखलेली असते. तीन बेडरूमची सिस्टिम म्हणजे 330 गॅलन. चौथी बेडरूम वाढवून सिस्टिम मोठी करावी लागली, तर प्रश्न जमिनीचा होतो, आणि जमीन वाचायला सॉइल इव्हॅल्युएटर लागतो. ही मान्यता निराळी आहे. सिस्टिम इन्स्पेक्टरची मान्यता तिच्या जागी चालत नाही.

त्याचं काम बघण्यासारखं असतं. खोल खड्डा खणून तो मातीचे थर, पोत आणि रंग वाचतो. ज्या थरापर्यंत पाणी चढून साचतं तिथे करड्या मातीत गंजासारखे ठिपके राहतात. त्यामुळे ऑगस्टमध्ये खड्डा कोरडा ठणठणीत असला, तरी वसंतात पाणी कुठपर्यंत येतं हे त्याला सांगता येतं. नुसतं ‘खड्ड्यात पाणी दिसलं नाही’ म्हणून शोषक्षेत्र खाली घातलं, तर बर्फ वितळल्यावर ते पाण्यात बुडतं आणि मैला नीट न गाळता भूजलात जातो. शेजारच्या घराची विहीर त्याच भूजलावर असते. म्हणून हे खड्डे आणि पाणी मुरण्याची चाचणी बोर्ड ऑफ हेल्थच्या माणसासमोर करायची असते. एक इंच पाणी मुरायला 60 मिनिटांहून जास्त लागली, तर नव्या बांधकामाला ती जागा चालत नाही. यानंतरचा आराखडा इंजिनिअर किंवा रजिस्टर्ड सॅनिटेरियन (नोंदणीकृत स्वच्छता-तज्ज्ञ) काढतो, त्यातही सॅनिटेरियनला दिवसाला 2,000 गॅलनपर्यंतच मुभा आहे.

ऑफर देण्याआधी गावाच्या बोर्ड ऑफ हेल्थला फोन करून त्या पत्त्याची फाइल मागा. इन्स्पेक्टरला अहवाल 30 दिवसांत तिथे द्यावाच लागतो. सिस्टिम किती बेडरूमसाठी मंजूर झाली, तेही तिथेच कळेल.