पिकूतल्या (लहान मुलांच्या आयसीयूतल्या) पोराच्या पाण्याचा हिशोब कसा ठेवायचा

कोल्हापुरात पाऊस सरला की डेंग्यूची पोरं यायला लागतात, वॉर्ड भरतो, आणि त्याच धावपळीत नवीन सिस्टर लोकांचं इंटेक-आउटपुट चार्ट (आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या पाण्याची नोंद) मागं पडतं. म्हणून लिहितेय. सलाईन किती द्यायचं ते डॉक्टर ठरवणार, पण ते ज्या आकड्यावर ठरवतात तो आपणच लिहितो.

पहिलं काम वजन. अ‍ॅडमिशनलाच खरं वजन घ्यायचं, आई सांगते ते नाही, कारण पुढचं सगळं गणित त्याच्यावरच चालतं. मेंटेनन्सचा, म्हणजे रोजच्या गरजेच्या पाण्याचा हिशोब 1957 पासूनचा हॉलिडे-सेगर सूत्राचा, पहिल्या 10 किलोला किलोमागं 100 एमएल, पुढच्या 10 ला 50, त्याच्यावर 20. म्हणजे 12 किलोच्या पोराला दिवसाला 1100. व्हेंटिलेटरवरच्या पोराला बरेचदा यापेक्षा कमीच ठेवतात.

आता जे सुटतं ते. बाटलीतलं सलाईन सगळे लिहितात, पण औषधाबरोबर जाणारं पाणी कोण लिहितंय? समजा अँटिबायोटिकचे 4 डोस, प्रत्येक 20 एमएलमध्ये, वर नळी धुवायला 3 एमएल फ्लश, झाले 92. तासाला 1 एमएलनं चालणारे दोन सिरिंज पंप, त्याचे 48. एकूण 140 एमएल, म्हणजे त्या पोराच्या मेंटेनन्सच्या आठव्या हिश्श्याएवढं पाणी चार्टवर न येताच आत गेलं! आरटीतून (नाकातून पोटात घातलेल्या नळीतून) दिलेलं दूध, आरटी फ्लशचं पाणी, रक्त, प्लाझ्मा, सगळं धरायचं. आणि नातेवाईक. राधानगरीकडची एक आजी रात्रभर नातवाला चमच्यानं पाणी पाजत होती, घसा सुकलाय म्हणून, मायेनंच. तिला रागवायचं नाही, हातात 5 एमएलचा चमचा आणि कागद द्यायचा, "आजी, दर चमच्याला एक रेघ मारा" म्हणायचं. रेघा एकदम बरोबर आल्या सकाळी.

बाहेर जाणारं मोजताना कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर दर तासाला बॅग बघायची, नसेल तर डायपर कोरडा असताना वजन करायचं आणि ओला झाल्यावर परत, 1 ग्रॅम म्हणजे 1 एमएल. लघवी किलोमागं तासाला 1 एमएलच्या आसपास हवी, 0.5 च्या खाली गेली की लगेच सांगायचं, राऊंडची वाट बघायची नाही. उलटी, जुलाब, ड्रेन, आरटी अ‍ॅस्पिरेट (नळीतून पोटातलं ओढून काढलेलं) पण लिहायचं. घाम आणि श्वासातून जाणारं मोजता येत नाही, ताप असला की ते वाढतं, एवढं डोक्यात असू दे.

मग अंगात जास्तीचं पाणी किती साठलं त्याचा टक्का काढायचा. आत गेलेलं वजा बाहेर आलेलं, लिटरमध्ये, भागिले अ‍ॅडमिशनचं वजन, गुणिले 100. आपलं तेच 12 किलोचं पोरगं, पहिल्या दिवशी 750 एमएल जास्त, दुसऱ्या दिवशी 550, मिळून 1.3 लिटर, म्हणजे जवळपास 11 टक्के. नुसत्या आजच्या बेरजेत हे दिसत नाही म्हणून पहिल्या दिवसापासूनची बेरीज ठेवायची. 10 टक्क्यांच्या वर गेलेल्या पोरांना व्हेंटिलेटर जास्त दिवस लागतो, मृत्यूही जास्त दिसतात. जास्त आजारी पोराला पाणीही जास्त लागतं हे खरं, त्यामुळं सगळा दोष पाण्याचा म्हणता येत नाही, तरी हा आकडा हँडओव्हरला मोठ्यानं सांगायचाच.

याचा अर्थ शॉकमधल्या (रक्ताभिसरण ढासळलेल्या) पोराचा बोलस (थोड्या वेळात भराभर दिलेलं सलाईन) अडवायचा असा अजिबात नाही, ऑर्डर झाली की लगेच द्यायचा. पण 2011 च्या फीस्ट नावाच्या अभ्यासात युगांडा, केनिया, टांझानियातल्या 3000 वर पोरांत बोलस दिलेल्यांपैकी 48 तासांत साधारण 10.5 टक्के गेली, न दिलेल्यांपैकी 7.3. तिथं व्हेंटिलेटरची सोय नव्हती, मलेरियाची पोरं बरीच होती, तरी तेव्हापासून प्रत्येक बोलसनंतर पोराला परत तपासायचं हे पक्कं झालं. लिव्हर खाली आलंय का, श्वास वाढलाय का, छातीत घरघर आहे का, असं काही दिसलं तर पुढचा बोलस लावायच्या आधी डॉक्टरला बोलवायचं.

डेंग्यूत तर जास्तच जपायचं. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायची गळती साधारण 24 ते 48 तास चालते, मग तेच पाणी परत रक्तात येतं, लघवी वाढते, भूक लागते, आणि त्या वेळी सलाईन तसंच चालू राहिलं तर पाणी छातीत भरतं. नाईटला लघवी एकदम वाढलेली दिसली की सकाळपर्यंत थांबू नका, तेव्हाच फोन करा आणि रेट कमी करायचा का ते विचारा.