नाताळचा गोठा घरी करताना

गोठा म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा. तयार गोठा बाजारात मिळतो. तयार छप्पर, आत चिकटवलेल्या मूर्ती, मागे दिवा. प्लग लावला की झालं. ज्यांना खरंच वेळ नाही त्यांनी तो आणावा, त्यात गैर काही नाही. पण घरात लहान मुलं असतील, आजी-आजोबा असतील आणि रात्रीच्या जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं मिळत असतील, तर गोठा घरी करा. आणि एका दिवसात करू नका. आमच्या वसईतल्या घरी तो महिनाभर हळूहळू उभा राहतो. नवरा चर्चगेटहून लोकलने घरी येईपर्यंत साडेआठ होतात, मोठीचे क्लास असतात, सासूबाईंचे गुडघे दुखतात. तरी प्रत्येकाचा हात गोठ्याला लागतो, कारण कामं बारीक बारीक करून वाटलेली असतात.

सुरुवात आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी करा. नाताळच्या आधी चार रविवार मोजायचे, त्यातला पहिला. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला येतो. त्या दिवशी माळ्यावरचं खोकं फक्त खाली काढायचं आणि त्यातून एकच वस्तू बाहेर घ्यायची, बाळ येशूला निजवायची रिकामी गव्हाण. ती ठरलेल्या जागी ठेवायची. शेजारी सुरूच्या डहाळ्यांचं कडं करून त्यात चार मेणबत्त्या उभ्या करा, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. पहिल्या रविवारी एक पेटवायची आणि दर रविवारी एक वाढवत जायचं. गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाची. सुरूच्या डहाळ्या वाडीतल्या किंवा वाऱ्याने पडलेल्या घ्या, किनाऱ्यावरच्या बनातली झाडं तोडू नका. आठवड्यात त्या झडायला लागतात, त्यामुळे कड्याच्या आत ओली वाळू भरलेली ताटली ठेवा आणि दर रविवारी डहाळ्या बदला. वाळलेल्या सुरूजवळ मेणबत्ती कधीच पेटवायची नाही.

जागा निवडताना दोनच गोष्टी बघा. पंख्याचा झोत नको आणि टीव्हीचा शेजार नको. उंची मुलांच्या डोळ्यांची धरा, मोठ्यांच्या नाही. आमचा गोठा बुटक्या टीपॉयवर असतो. सहा इंचांच्या मूर्तींना साधारण तीन फूट बाय दोन फूट जागा पुरते आणि गोठ्याचं छप्पर उभ्या योसेफाच्या (मरियामातेच्या पतीच्या) मूर्तीच्या दुपटीपेक्षा जरासं उंच असलं की डोळ्यांना बरं दिसतं. फार उंच केलं तर मूर्ती हरवतात.

आता गव्हाणीबद्दल, कारण माझ्या मते सगळा गोठा तिच्यावर उभा आहे. पहिल्या रविवारी ती खरोखर रिकामी असते, आत लाकूड दिसतं. बाजूला एका वाटीत भाताच्या पेंढ्याच्या काड्या बोटभर लांबीच्या कापून ठेवायच्या. दिवसभरात कुणी दुसऱ्यासाठी काही चांगलं केलं की त्याने रात्री प्रार्थनेआधी एक काडी गव्हाणीत टाकायची. बाळ येईल तेव्हा त्याच्या अंगाखाली काय असेल, ते आपल्यावर आहे, एवढंच मुलांना सांगायचं. कॅथलिक घरांमध्ये ही रीत अनेक ठिकाणी आहे. माझा एकच आग्रह: काडी कशासाठी टाकली ते विचारायचं नाही. तक्ता करायचा नाही, मोजायच्या नाहीत, बक्षीस तर अजिबात नको. आणि मोठ्यांनीही टाकायच्या. आजोबा काठी टेकत येऊन गुपचूप एक काडी टाकून जातात, तेव्हा धाकटा त्यांच्याकडे टक लावून बघत राहतो, आणि दुसऱ्या दिवशी न सांगता ताईची पाण्याची बाटली भरून ठेवतो.

दुसऱ्या आठवड्यात डोंगर करा. खोकी उपडी मांडा, उंच मागे आणि बुटकी पुढे. गोणपाट चिकण मातीच्या दाट पाण्यात बुडवा, हलकं पिळा आणि खोक्यांवर पांघरा. चुण्या पडू द्या, त्याच चुण्या वाळल्यावर दऱ्या होतात. खाली प्लास्टिक अंथरा आणि हे काम अंगणात करा. वाळायला दोन-तीन दिवस लागतात. फ्लॅटमध्ये राहत असाल तर खाकी कागद चुरगाळून, पाणी मिसळलेला फेविकॉल लावून तोच परिणाम मिळतो. जमिनीसाठी चहाचा चोथा धुऊन, उन्हात कडक वाळवून पसरा. ओलसर राहिला तर बुरशी येते. गोठ्याच्या छपराला पेंढा, तो बांधायला केळीच्या सोपटाच्या पट्ट्या. सोपट आधी थोडं भिजवलं की तुटत नाही. वाडीत जे आहे तेच वापरा. मुलांना विहीर हवी असते, बैलगाडी हवी असते, केळीचं बन हवं असतं, करू द्या. बेथलेहेममध्ये केळी नव्हत्या असं सांगून त्यांना थांबवू नका. देव आपल्या वाडीत जन्माला येतोय असं त्यांना वाटणं फार मोलाचं आहे.

हिरवळ पेरायचा दिवस आमच्याकडे १३-१४ डिसेंबर. घटस्थापनेला जसं धान्य पेरतात तसंच हे काम आहे. नाचणी किंवा गहू रात्रभर भिजवा. पसरट ताटल्यांत किंवा करवंट्यांत दोन बोटं माती घाला, धान्य दाट पसरा, इतकं दाट की माती दिसू नये, आणि वर मातीचा अगदी पातळ थर द्या. दोन दिवस ओल्या फडक्याखाली ठेवा. कोंब दिसले की फडकं काढून खिडकीत उजेडाला आणा आणि सकाळ-संध्याकाळ हाताने पाणी शिंपडा. तांब्याने ओतलं तर दाणे एका कडेला वाहून जातात. नाचणीचं गवत बारीक, मऊ येतं, मेंढरांच्या पायाखाली शोभतं. गहू उंच आणि ताठ वाढतो, तो मागे लावा. डिसेंबरच्या गारव्यात आठ-दहा दिवसांत हात फिरवण्याजोगी हिरवळ होते. सासूबाई खुर्चीत बसून हे सगळं सांभाळतात, आणि गव्हाची पाती वाढली की कात्रीने सारखी करायचं काम धाकट्याचं. एका कडेने त्या धरतात, दुसऱ्या कडेने तो कापतो. दोघांचं बोलणं या वेळी जेवढं चालतं तेवढं वर्षभरात चालत नाही.

दिव्यांचं काम घरातल्या एकाच जबाबदार माणसाकडे द्या. एलईडीची माळ घ्या, ती फार तापत नाही. वायर पेंढ्याखालून नेऊ नका, गोणपाटाच्या मागून न्या, आणि झोपताना स्विच बंद. गोठ्याच्या आत पणती किंवा मेणबत्ती नको, कितीही सुंदर दिसली तरी.

मूर्ती मांडायला १६ डिसेंबरला, नाताळच्या नोव्हेनाच्या, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, पहिल्या दिवशी सुरुवात करा. एकदम सगळ्या नाहीत. आधी बैल आणि गाढव. मुलं हमखास विचारतात की शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, बैल-गाढव कुठे आहेत. त्यात जन्माची गोष्ट लिहिणाऱ्या लूक आणि मत्तय दोघांनीही त्यांचा उल्लेख केलेला नाही, हे खरं सांगा. बायबलमधल्याच यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव आपल्या मालकाची गव्हाण ओळखतं असं वचन आहे, तिथून ते आले. आणि असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात नाताळच्या रात्री खरा चारा, खरा बैल आणि खरं गाढव उभं करून मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, घडवली, तेव्हापासून गोठ्याची प्रथा वाढत गेली. एवढी गोष्ट एका जेवणाला पुरते.

मग मेंढपाळ, पण दूर डोंगरावर, गोठ्याकडे पाठ करून. त्यांना अजून काही कळलेलं नाही ना! मरियामाता आणि योसेफ घराच्या दुसऱ्या टोकाला, आमच्याकडे शिलाई मशीनवर. तिथून ते रोज थोडे पुढे सरकतात, शोकेस, फ्रिज, पुस्तकांचं कपाट असं करत २४ तारखेच्या संध्याकाळी गोठ्यात पोचतात. सरकवायचा मान रोज वेगळ्याचा. ज्या दिवशी नवऱ्याला उशीर होतो त्या दिवशी मुलं त्याची पाळी राखून ठेवतात, तो डबाही खाली न ठेवता आधी मूर्ती सरकवतो.

शेवटच्या आठवड्यात स्वयंपाकघर तापतं. करंज्या, नानकटाई, केक हे मोठ्यांनी आपापल्या पद्धतीने करावं, पण कलकल मात्र सगळ्यांनी मिळून करायचा पदार्थ आहे. अर्धा किलो मैदा, शंभर ग्रॅम पिठीसाखर, दोन अंडी, दोन मोठे चमचे पातळ तूप, चिमूटभर मीठ आणि लागेल तसं नारळाचं जाड दूध. पुरीपेक्षा थोडं सैल पीठ मळून अर्धा तास झाकून ठेवा. बोराएवढी गोळी घ्या, काट्याच्या चमच्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पसरवा आणि कडेपासून उलटी गुंडाळत या, की रेघा उमटलेला शिंपला तयार. शेवटची कड नीट दाबून बंद करा, नाहीतर तेलात उलगडते. काटे कमी पडले तर नवी कोरी फणीही चालते. तेल मध्यम आचेवर. फार तापलं तर बाहेरून लाल आणि आतून कच्चे राहतात. मुलांचे कलकल वेडेवाकडे होतील, ते वेगळे काढू नका, सगळे एकाच डब्यात भरा.

फराळाची ताटं २४ च्या दुपारपर्यंत शेजारी पोचवा. दिवाळीत ज्यांच्याकडून चकल्या-लाडू आले त्यांच्याकडे तर न्यायचीच, आणि मुलांनीच न्यायची. पहिलं ताट मात्र ज्या घरात या वर्षी कुणी गेलं असेल तिथे द्या. त्या घरी तळण नसतं. तिथे जाऊन पाच मिनिटं बसा, फक्त ताट ठेवून परत येऊ नका. तुमच्याच घरी दुःख असेल तर रोषणाई करू नका, पण गोठा करा, छोटा का होईना. गव्हाण, तीन मूर्ती आणि थोडा पेंढा एवढं पुरे. गेलेल्या माणसाच्या हातची एखादी वस्तू, त्याने केलेली शिडी किंवा रंगवलेलं मेंढरू, त्यात असू द्या.

२४ ची रात्र. मिस्सेला निघायच्या आधी सगळे गोठ्यासमोर जमा आणि लूकच्या दुसऱ्या अध्यायातली पहिली वीस वचनं कुणीतरी मोठ्याने वाचा. वाचणारा दरवर्षी बदला. नुकतं वाचायला शिकलेलं मूल असेल तर त्यालाच द्या, अडखळलं तरी मधे शब्द पुरवू नका. घरात ओव्यांची गोडी असेल तर फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणातल्या जन्माच्या काही ओव्या आजोबांना म्हणायला सांगा. चारशे वर्षांपूर्वीची मराठी मुलांना अर्धीच कळते, पण चाल लागली की ती ऐकत राहतात.

बाळ येशूची मूर्ती मिस्सेहून परत आल्यावर ठेवायची. घरातलं सगळ्यात लहान माणूस ती दोन्ही हातांनी आणतं आणि काड्यांवर ठेवतं. मूल फार लहान असेल, परतताना खांद्यावर झोपणार असेल, तर निघण्याआधी ठेवा. त्याला झोपेतून उठवून रडत हा मान देण्यात अर्थ नाही. मग मेंढपाळांची तोंडं गोठ्याकडे वळवा, धाकट्यांनी मोठ्यांच्या पाया पडून आशीर्वाद घ्या, आणि केक कापा.

२५ नंतर गोठा विसरू नका. खरी गंमत बाळ येशूच्या भेटीला येणाऱ्या तीन राजांची बाकी असते. ते आता शिलाई मशीनवरून निघतात, सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन, आणि ६ जानेवारीला पोचतात. चर्चमध्ये हा सण जवळच्या रविवारी होतो. आम्ही घरी सहाचाच दिवस धरतो, कारण मुलांना रोजची वाटचाल पूर्ण करायची असते. पाहुण्यांच्या गर्दीतही कुणीतरी आठवण करून देतं की राजे आज सरकले नाहीत.

आवरायला त्यानंतरचा, प्रभूच्या बाप्तिस्म्याचा रविवार योग्य. घाईत आवरू नका. मूर्ती प्लास्टरच्या असतील तर पाणी लावू नका, कोरड्या मऊ ब्रशने झाडा. मोडलेला कान, सुटलेली काठी आत्ताच चिकटवा. प्रत्येक मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात ओल धरते आणि रंग सुटतो. खोक्यात कडुनिंबाची वाळलेली पानं टाका. हिरवळ शेळीला, पेंढा केळीच्या बुंध्याला. माळ गुंडाळण्याआधी एकदा लावून बघा, बंद पडलेली असेल तर ठेवू नका. मूर्तींची यादी खोक्यावर बाहेरून चिकटवा आणि गव्हाण सगळ्यात वर ठेवा, पुढच्या वर्षी पहिल्यांदा तीच लागते.