घाट उतरण्याआधी डिस्क ब्रेकची तयारी

सिंहगड किंवा ताम्हिणीचा घाट रविवारी उतरायचा असेल, तर सायकलचे डिस्क ब्रेक गुरुवारीच तपासा. पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी घासून चाक थांबवणारे तुकडे) बदलायची वेळ आली, तर ते आणून, बसवून रुळवायला दोन दिवस हवेतच.

4 आणि 5 मिलिमीटरच्या अ‍ॅलन की, टी25 टॉर्क्स की, 90 टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्वच्छ सुती फडकी आणि बारीक पॉलिश पेपर हाताशी ठेवा. पॅडचा नवा जोड घेताना जुना पॅड दुकानात सोबत न्या. कॅलिपरनुसार, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागानुसार, पॅडचा आकार बदलतो.

काहीही खोलण्याआधी लिव्हर दाबून पाहा, दोष बहुतेक वेळा तिथेच कळतो. लिव्हर घट्ट लागतो पण सायकल थांबत नाही, वर किंचाळते, तर पॅडला तेल लागलंय. चेनवर मारलेला स्प्रे उडून डिस्कवर बसणं हे याचं नेहमीचं कारण. डिस्क अल्कोहोलने पुसा आणि नंतर तिला बोट लावू नका. पॅड वरवर चकाकत असेल तर सपाट ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासून पाहा, पण तेल आत मुरलं असेल तर तो जोड सरळ फेका. गॅसवर भाजून तेल जाळायचा उपाय आम्हाला पटत नाही: पहिल्या लांब उतारावर ते पुन्हा वर येतं. नवा पॅडही आठवड्यात तेलकट झाला, तर कॅलिपरमधल्या, पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनचं सील गळतंय. कॅलिपर बदलावा लागेल.

लिव्हर मऊ लागतो, हँडलपर्यंत येतो आणि भराभर तीन-चारदा दाबल्यावर घट्ट होतो? मग हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकच्या लाइनमध्ये हवा आहे, ब्लीड करावं लागेल, म्हणजे ऑइल भरून हवा काढावी लागेल. मात्र आधी पॅडची जाडी बघा. झिजलेल्या पॅडवर ऑइल वरपर्यंत भरलं, तर नवे पॅड घालताना पिस्टन मागे सरकत नाहीत. शिमानो, टेक्ट्रो, मागुरा यांना मिनरल ऑइल लागतं. स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉट हे वेगळं ब्रेक फ्लुइड, काही नव्यांना मिनरल. लिव्हरवर किंवा कॅलिपरवर लिहिलेलं वाचूनच बाटली उघडा, चुकीच्या ऑइलने सील फुगतात.

स्वस्त सायकलींत ब्रेक बहुधा केबलवरचे असतात आणि तिथे चूक वेगळीच होते. त्यातल्या बहुतेकांचा बाहेरचा पॅडच हलतो, चाकाकडचा जागच्या जागी असतो. पॅड झिजला की लोक लिव्हरजवळचा अ‍ॅडजस्टर फिरवत राहतात. त्याने कॅलिपरचा आर्म आधीच अर्धा ओढला जातो आणि जोर उरत नाही. अ‍ॅडजस्टर पूर्ण आत घ्या, चाकाकडचा पॅड डिस्कपासून व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतका जवळ आणा, मग केबल ओढून घट्ट करा. पावसाळ्यानंतर आउटर (केबलवरचं आवरण) गंजलेला असेल तर केबलसकट बदला.

पॅडच्या घर्षण थराची शिमानोची मर्यादा 0.5 मिलिमीटर आहे, पण पावसात 1 मिलिमीटरलाच बदला. तांबड्या मातीचा चिखल रेझिन पॅड (मेटल पॅडपेक्षा मऊ) फार लवकर खातो. शिमानोची नवी डिस्क 1.8 मिलिमीटर असते, 1.5 झाली की रद्द. डिस्कवर ‘फक्त रेझिन पॅड’ अशी सूचना कोरलेली असेल तर मेटल पॅड घालू नका. डिस्क चाकाला धरणारे टी25चे सहाही बोल्ट घट्ट आहेत ना, हेही बघून घ्या.

नवे पॅड बसल्यावर कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करा, लिव्हर दाबून धरा आणि ते आळीपाळीने थोडे थोडे आवळा. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी 20 किलोमीटरवरून चालण्याच्या वेगापर्यंत वीसदा या, आणखी वेगातून दहादा. पुढचा-मागचा ब्रेक वेगवेगळा रुळवा, चाक पूर्ण थांबू देऊ नका. ही पायरी गाळली तर नवा पॅडही जुन्यासारखाच घसरतो.

हायड्रॉलिक ब्रेकच्या सायकलचं चाक काढून ती गाडीतून नेणार असाल, तर पॅडमध्ये जाड पुठ्ठ्याची घडी सरकवा. लिव्हर चुकून दाबला तर पिस्टन बाहेर येतात. जादा पॅड आणि त्यांची पिन चेन ऑइलच्या बाटलीपासून लांब, बंद पिशवीत ठेवा.