शाळा सुरू व्हायच्या आधी डोसाचं कार्ड बाहेर काढा

जून आला की वह्या, दप्तर, रेनकोट सगळं आठवतं, डोसाचं म्हणजे लसीकरणाचं कार्ड मात्र कुणाला आठवत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते, दरवर्षी प्रवेशाच्या वेळी आयांना विचारते, ताई पोराचे डोस पूर्ण झालेत का, आणि उत्तर ठरलेलं, हो बाई, सगळे झालेत. मग कार्ड आणायला लावलं की दिसतं, दीड वर्षाच्या डोसापर्यंत तारखा आहेत आणि पुढचे रकाने कोरे. यात कुणाचा हलगर्जीपणा आहे असं मला वाटत नाही. पहिल्या वर्षात सारखं जावं लागतं, आशाताई दारात येऊन आठवण करतात, आणि मग एकदम साडेतीन वर्षं काहीच नाही, तेवढ्यात कार्ड ट्रंकेच्या तळाशी गेलेलं असतं.

तर पहिलं काम ते कार्ड शोधणं. माता बाल संरक्षण कार्ड म्हणतात ते, जन्मदाखल्याबरोबर किंवा बाळंतपणाच्या फायलीत सापडतं बहुतेक वेळा. नाहीच सापडलं तर उपकेंद्रात सिस्टरांकडे रजिस्टर असतं, त्यावरून नोंद काढता येते. पण आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यामुळे सुरुवातीचे डोस माहेरच्या गावच्या रजिस्टरात आणि नंतरचे सासरच्या, म्हणून दोन्हीकडे विचारा, माहेरच्या आशाताईंना फोन करून पानाचा फोटो मागवा. कुठेच काही नोंद मिळाली नाही तरी घाबरून घरी बसू नका, डॉक्टर वय बघून काय द्यायचं ते ठरवतात. आणि मध्ये खंड पडला म्हणून पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलं तिथून पुढे देतात. हे नीट सांगायला हवं, कारण उशीर झाला, आता ओरडा बसेल, म्हणून कितीतरी आया जातच नाहीत.

कार्ड हातात आलं की शांतपणे वाचा. जन्मल्यावर बीसीजी (क्षयाची लस), पोलिओ आणि कावीळ ब, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस) आणि त्याच्याबरोबरचे पोलिओ, रोटा (जुलाबावरची) वगैरे, नवव्या महिन्यात गोवर रुबेलाचा पहिला, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा आणि ट्रिपलचा पहिला बूस्टर, म्हणजे आधीच्या डोसांची ताकद वाढवणारा डोस. इथपर्यंत बहुतेकांचं झालेलं असतं, पण २०१९-२० मध्ये जन्मलेल्या मुलांचं कार्ड जरा जास्त बारकाईने बघा, त्यांचे नऊ महिन्यांचे आणि दीड वर्षाचे डोस बरोबर लॉकडाऊनच्या काळात आले होते, घराबाहेर पडायची भीती होती, आणि तेव्हा राहिलेलं तसंच राहून गेलं. गोवर म्हणजे अंगावर पुरळ येऊन जातं एवढंच नाही हो, २०२२ ला मुंबईत गोवंडीच्या भागात गोवर पसरला तेव्हा लहान मुलं दगावली, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची लस झालेलीच नव्हती किंवा अर्धवट होती.

आता पाच वर्षांचा डोस, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितेय. पाच ते सहा वर्षांत ट्रिपलचा दुसरा बूस्टर असतो, घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिघांसाठी. लहानपणीच्या डोसांची ताकद हळूहळू कमी होत जाते आणि नेमकं त्याच वयात पोर एका वर्गात तीस चाळीस मुलांत येऊन बसतं. घटसर्पात घशात पडदा धरतो, श्वास कोंडतो, विष हृदयापर्यंत जातं. ही लस सात वर्षांच्या आतच देतात, नंतर टीडी देतात, म्हणजे फक्त धनुर्वात आणि घटसर्पाची लस, त्यात डांग्या खोकल्याचं नसतं. माझ्या स्वतःच्या मुलीचा हा डोस राहिला. मी शाळेत दुसऱ्यांच्या मुलांचे कार्ड तपासत होते आणि घरचं कार्ड उघडलं ते ती चौथीत गेल्यावर, मग टीडी घेतली, पण डांग्या खोकल्याचा तो डोस गेला तो गेलाच, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी, म्हणजे साधारण पाचवी आणि दहावी. बरेचदा आरोग्याचं पथक शाळेत येऊनच देतं, त्या दिवशी मूल गैरहजर असेल तर वर्गशिक्षकांना विचारून नंतर दवाखान्यात न्या, सरकारीत हे सगळं फुकट आहे. मुलगी नऊ ते चौदाची असेल तर गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवरच्या एचपीव्ही लसीबद्दल डॉक्टरांशी नक्की बोला.

डोसाच्या दिवशी मुलाला पोटभर खायला घालून पाठवा, मोठी मुलं उपाशीपोटी सुईला घाबरून चक्कर येऊन पडतात. बाह्या वर करता येतील असा शर्ट. किरकोळ सर्दी असली तरी डोस घेता येतो, जास्त ताप असेल किंवा आधी कुठल्या डोसाचा जोराचा त्रास झाला असेल तर सिस्टरांना आधीच सांगा. झाल्यावर अर्धा तास तिथेच बसा. रात्री ताप आला, हात दुखला तर घाबरू नका, सांगितलेलं औषध त्या मापातच द्या, सुईच्या जागी हळद, चुना, बाम काही लावू नका, चोळू नका. आणि निघायच्या आधी कार्डावर तारीख लिहिली का ते डोळ्यांनी बघा.

मुलाचं बघताना घरातल्यांचंही उरकून घ्या. वहिनी गरोदर असेल तर तिचे टीडीचे डोस, आजोबांना शुगर किंवा दमा असेल तर पावसाळ्याआधी फ्लूच्या लसीबद्दल विचारा, आणि शेतात काम करणाऱ्या मोठ्या माणसांनी धनुर्वाताची सुई शेवटची कधी घेतली ते आठवून बघा, दहा वर्षं उलटली असतील तर पुन्हा घ्यायची असते.

आमच्याकडची बरीच घरं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, त्यांच्यासाठी खास सांगते. जाण्याआधी आशाताईंना विचारा की पुढच्या सहा महिन्यांत कुठल्या पोराचा कुठला डोस येतोय, ज्याचं वय बसत असेल त्याला इथेच देऊन निघा. मोबाईल नंबर यू-विनवर, म्हणजे सरकारच्या लसीकरणाच्या ऑनलाइन नोंदणीत, नोंदवून घेतला तर कोल्हापूर सांगलीकडच्या केंद्रातही मागची नोंद बघून डोस देता येतो. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पाण्यापावसात, खोपीत ते टिकत नाही, आणि दोन्ही बाजूंचा फोटो नवऱ्याच्या नि तुमच्या, दोघांच्या फोनमध्ये ठेवा. फोन साधा असेल तर झेरॉक्स काढून एक प्रत माझ्याकडे शाळेत ठेवा, मी जपून ठेवते.