दुसऱ्या फ्लॅटची घरपट्टी जास्त का येते आणि ती कशी तपासायची

नाशिक महापालिकेच्या घरपट्टीच्या बिलात ‘दुसरं घर’ असा रकानाच नाही. तुमच्या नावावर एक फ्लॅट आहे की चार, यावरून आकारणी बदलत नाही. प्रत्येक मिळकतीचा इंडेक्स नंबर (घरपट्टीच्या नोंदीतला क्रमांक) वेगळा आणि हिशोबही वेगळा. तरी कॉलेज रोडच्या जुन्या थ्री बीएचकेपेक्षा पाथर्डी फाट्यावरच्या नव्या वन बीएचकेचं बिल मोठं निघालं की लोक म्हणतात, दुसरं घर घेतलं म्हणून लुटतात. कारणं बहुतेक वेळा दोनच असतात: इमारत कधी पूर्ण झाली आणि आत कोण राहतं.

आधी हिशोब समजून घ्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार, वार्षिक भाडेमूल्य (घराला वर्षभरात रास्तपणे मिळू शकेल असं भाडं) धरून त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले की उरतं ते करयोग्य मूल्य. सर्वसाधारण कर, मलनिस्सारण, अग्निशमन, वृक्ष वगैरेंचे टक्के त्यावर लागतात. स्वतःच्या वापरातल्या घराचं भाडेमूल्य क्षेत्रफळाला ठरावीक दराने गुणून काढतात. समजा फ्लॅट ५५ चौरस मीटरचा आणि दर महिना चौरस मीटरला १८ रुपये (आकडा उदाहरणापुरता). ५५ × १८ × १२ म्हणजे ११,८८०. दहा टक्के गेले, करयोग्य मूल्य १०,६९२.

आता तोच फ्लॅट महिना ११,००० रुपयांनी भाड्याने दिला आणि आकारणीसाठी करारातलं भाडं धरलं, तर वर्षाचे १,३२,००० आणि करयोग्य मूल्य १,१८,८००. अकरा पटींहून जास्त. घर तेच, भिंती त्याच. दुसऱ्या घरावरचा जादा कर म्हणतात तो प्रत्यक्षात इथून येतो, कारण भाड्याने जातं ते बहुतेक दुसरंच घर.

दुसरं कारण तारखेचं. १ एप्रिल २०१८ पासून नव्या मिळकतींसाठी वार्षिक भाडेमूल्याचे दर एकदम वाढवले गेले. तुकाराम मुंढे आयुक्त असताना झालेल्या या वाढीवरून शहरात बराच गदारोळ झाला. जुन्या मिळकती जुन्या दरावर राहिल्या. त्यामुळे एकाच रस्त्यावर समोरासमोरच्या दोन इमारतींत सारख्या आकाराच्या फ्लॅटला वेगवेगळं बिल येतं. आमच्या मते नाशिकमधला खरा अन्याय हा आहे, जुन्या आणि नव्या घरातला. पहिलं घर ज्याने २०१९ साली कर्ज काढून घेतलं, तोही यातच भरडला जातो.

बिल हातात घेऊन पुढच्या गोष्टी पाहा.

वापराचा प्रकार सगळ्यात आधी. निवासी फ्लॅटच्या बिलात रोजगार हमी कर दिसला तर तिथेच थांबा. हा कर अनिवासी वापराला लागतो. म्हणजे नोंदीत तुमचा फ्लॅट ऑफिस किंवा दुकान म्हणून बसलाय. आधीच्या मालकाने क्लास चालवला होता, ती नोंद तशीच राहिली, असं होतं. शिक्षण कर मात्र निवासी मिळकतीलाही असतो, त्यावरून वाद घालू नका.

मग भाडेकरूची नोंद. भाडेकरू दोन वर्षांपूर्वी गेला तरी नोंद आपोआप जात नाही. घर रिकामं झालं की त्याच महिन्यात विभागीय कार्यालयात लेखी कळवा. सोबत लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत, संपल्याचा किंवा रद्द केल्याचा कागद आणि नंतरची तुमच्या नावची वीजबिलं जोडा. घर बंद असेल तर युनिट जवळजवळ शून्य दिसतात, हा पुरावा सोसायटीच्या दाखल्यापेक्षा वजनदार ठरतो. करार करतानाच भाडं आणि सोसायटीचा मेंटेनन्स वेगवेगळे लिहा. ‘मेंटेनन्ससह १३,०००’ असं लिहिलं की सगळे १३,००० भाडं म्हणून मोजले जाण्याची वाट तुम्हीच मोकळी करता. करार न नोंदवणं हा उपाय नव्हे. महाराष्ट्रात तो नोंदवणं सक्तीचं आहे.

क्षेत्रफळ खरेदीखताशी ताडून पाहा. कार्पेट आणि बिल्टअपची गल्लत इथेही होते, आणि सामाईक गच्ची किंवा पार्किंग कुणा एकाच्या नावावर चढलेलं आढळतं. पूर्णत्वाचा दाखला ३१ मार्च २०१८ पर्यंतचा असून दर नवे लागले असतील, तर दाखल्याची प्रत जोडून आकारणी कोणत्या तारखेने धरली ते लेखी विचारा.

नाव बदलायचं राहिलं असेल तर हस्तांतरणाची सूचना तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. त्यासाठी इंडेक्स टू, म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा, लागतो. तो आणि घरपट्टीचा इंडेक्स नंबर या दोन निराळ्या गोष्टी. खिडकीवर या घोळात निम्मी सकाळ जाते.

हरकत घ्यायची तर आकारणी नवी किंवा वाढीव झाल्यावर महापालिकेकडून येणाऱ्या विशेष नोटिशीत दिलेली मुदत पाळा, ती चुकली की बाजू लंगडी पडते. अर्ज तुमच्या विभागात द्या: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सातपूर किंवा नवीन नाशिक. राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात, नेऊन दिलेला अर्ज फिरून विभागातच येतो. पोच घ्या, सुनावणीला मूळ कागद न्या. निर्णय पटला नाही तर याच अधिनियमाच्या कलम ४०६ खाली १५ दिवसांत न्यायालयात अपील करता येतं, पण आधी हरकत घेतलेली असावी आणि वादातली रक्कम भरलेली असावी. ‘वाद मिटेपर्यंत भरणार नाही’ म्हणणाऱ्यांवर थकबाकीची दरमहा २ टक्के शास्ती चढत राहते. एप्रिल ते जूनमध्ये आगाऊ भरणाऱ्यांना मिळणारी सूटही जाते.

बंद घराचा कर परत मिळतो का? कायद्याच्या करआकारणी नियमांत रिकाम्या मिळकतीच्या परताव्याची तरतूद आहे, पण रिकामी झाल्याची सूचना आधी द्यावी लागते. शिवाय पलंग-कपाट लावून मालकाने स्वतःसाठी राखून ठेवलेलं घर वापरातलंच धरतात. दिवाळीला येण्यासाठी कुलूप लावून ठेवलेल्या फ्लॅटला म्हणून हा परतावा मिळत नाही.

नाशिककरांचा दुसरा फ्लॅट पुण्यात असतो, तिथे नियम वेगळा. पुणे महापालिका स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतीला ४० टक्के सवलत देते, आणि त्यासाठी पीटी-३ अर्जासोबत वापराचा पुरावा व शहरात दुसरी मिळकत असल्यास तिचं बिल मागते. नाव सवलतीचं, पण पुण्यातल्या दुसऱ्या घराला ती नसल्याने परिणाम जादा कराचाच. त्र्यंबक रस्त्यावर किंवा गिरणाऱ्याकडे ग्रामपंचायत हद्दीत बंगला असेल तर आकारणी भांडवली मूल्यावर होते. तिथे नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या करआकारणी नोंदवहीचा) उतारा काढून क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि घसाऱ्यासाठी धरलेलं वय तपासा.

दुसऱ्या घरावर मुद्दाम जादा कर लावणं न्याय्य का? वेल्समध्ये २०१७ पासून स्थानिक परिषदांना दुसऱ्या घरांवर १०० टक्क्यांपर्यंत अधिभार लावता येतो, २०२३ पासून ३०० टक्क्यांपर्यंत. समुद्राकाठच्या गावांत सुट्टीपुरती उघडणारी घरं वाढली आणि गावातल्या पोरांना घर परवडेना, हे त्यामागचं कारण. ‘मी राहतच नाही, मग भरू कशाला’ हा युक्तिवाद आम्हाला अर्धाच पटतो: पाणी मीटरवर आहे, पण रस्ता, दिवे, गटार कुलपामुळे स्वस्त होत नाहीत. उलट नाशिकमध्ये भाड्याने दिलेल्या घरावर भार आणि कुलूपबंद घर कमी करात सुटलेलं, ही रचना उफराटी आहे. वाढलेला कर शेवटी भाडेकरूच्या भाड्यात उतरतो. पंचवटीतला वडिलोपार्जित वाडा आणि गुंतवणूक म्हणून कुलूप लावलेले पाच फ्लॅट यांना एकच माप लावावं, असंही नाही.

यावर म्हणणं मांडायचं तर पुढच्या वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. तेव्हा निवेदन जानेवारीतच द्या, सोसायटीच्या लेटरहेडवर, आणि सोबत समोरासमोरच्या दोन इमारतींची बिलं जोडा.