नागपूरच्या उन्हाळ्यात तानपुरा सुरात ठेवताना

बदलीमुळे रत्नागिरीहून नागपूरला आलो. पहिला महिना नवी गाणी ऐकण्यातच गेला. मग स्वतःची एखादी चाल बांधावी अशी हुरहुर लागली, पण तानपुरा जुळेचना. पंचमाची पहिली तार लावली की जोडाच्या, म्हणजे षड्जाच्या मधल्या दोन तारा उतरायच्या. मोबाईलवरचा तानपुरा सुराला पक्का, पण त्याने मला काही सुचत नाही.

कारण हवेत होतं. कोकणातल्या दमट हवेत फुगलेलं लाकूड इथे नवतपाच्या (मेअखेरीच्या सुमारास येणाऱ्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांच्या) कोरड्या झळांनी आकसतं आणि खुंट्या सरकतात.

एका वेळी एकच तार सोडली. सगळ्या एकदम सोडल्या तर घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) हलू शकते. खुंटी काढून भोकाला टेकणाऱ्या भागावर साधा पांढरा खडू घासला आणि आत दाबत पिळली. (तेल अजिबात नको!) तारांत ओवलेले मनके आधी मधोमध आणले, म्हणजे बारीक सूर मिळवायला दोन्हीकडे वाव राहतो. जवारीला, म्हणजे तारेचा झंकार जुळवायला, सगळ्यात वेळ लागला. तारेखालचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे करत राहिलो, तेव्हा कुठे झंकार आला.

खर्जाची (सगळ्यात खालच्या सुराची) पितळी तार अजून उतरते, ती बदलणार आहे. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकल्या तर खडू पुसून काढावा लागेल.